एकाच हत्तीचं घर

माझी भावजय मायाक्का भर वैशाखात, रेल्वेचा संप चाललेला असताना, टेंभुर्णीपासून एस.टी.त उभ्यानं सोलापूरला आली आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता मला म्हणाली, "वन्सं, माजं म्हायेर शोदून द्या."

आता तुम्हीच सांगा, ह्यावर माणसानं काय बोलावं? हरवलेली पिशवी शोधून देता येते, चुकलेलं कोकरू शोधून देता येतं. माहेर कुणी शोधून दिलंय का आजवर? मी म्हटलं, "आधी बूड टेक. तोंडावर पाणी मार. माहेर काय पळून जातंय?"

"पळूनच गेलंय की," असं म्हणून ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

मी म्हाळसाबाई. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाईण आहे. घंटा माझ्या हातात, म्हणजे शाळाच माझ्या हातात, हेडमास्तरांना काय वाटायचं ते वाटो. मास्तरलोकांच्या संगतीत माझी बोली बरीच सरळ झालीय, पण राग आला की गावाकडची सुटते, आणि राग मला रोज येतो. आमची वाडी माळशिरसच्या पलीकडं. तिथं माझा भाऊ येडू मेंढरं राखतो. मायाक्का ही त्याची बायको.

तिच्या पोरीचं, बनीचं, लग्न तोंडावर आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या घरातलं हे पहिलंच कार्य. मांडव ठरला, वाजंत्री ठरली, अडलं होतं ते मामापाशी. आमच्यात अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि मायाक्काला भाऊच नाही. आईबापाला ती एकटी, आणि आईबाप कधीच देवाघरी गेले. राहता राहिला चुलतभाऊ हिंदुराव. ह्या बाबानं चुलता मेल्यावर त्याची सगळी मेंढरं आपल्या वाड्यात हाकून नेली, आणि त्यानंतर बहिणीच्या दारात चोळीचा खण घेऊन एकदासुद्धा आला नाही. पण लग्नात मामा म्हणून मिरवायचं म्हटल्यावर गडी एका पायावर तयार! गुलाबी फेटासुद्धा रंगवून घेतला म्हणे.

"त्यो माज्या बनीच्या पाठीला हुबा ऱ्हायला तर मी मांडवात पाऊल टाकायची न्हाय," मायाक्का म्हणाली. "जावांनी जल्मभर मला बिनम्हायेराची म्हनून घेतलं. म्हनू द्या. पर ज्यानं माजं म्हायेर खाल्लं, त्यालाच मी पोरीच्या पाठीला म्हायेर म्हनून हुबा करू व्हय?"

बोलता बोलता तिचे डोळे भरले. मायाक्का सहसा रडत नाही. लांडग्याच्या तोंडातनं मेंढरू ओढून काढणारी बाई ती. मला बघवेना. मी म्हटलं, "बरं, सांग तर. कसलं माहेर, कुठलं माहेर?"

तर ते असं. मायाक्काचा जन्म सोलापुरातला. तिचे आईबाप संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत घोंगडी विकायला आले होते. भररस्त्यात तिच्या आईला, बजाबाईला, कळा सुरू झाल्या. नवरा सुईण शोधायला म्हणून पळाला आणि स्वतःच चुकला. शेवटी रस्त्यावरच्या एका घराची मालकीण, सिद्धम्मा तिचं नाव, बाहेर आली आणि बजाबाईला हाताला धरून आत घेऊन गेली. रात्रभर जागून तिनं बाळंतपण केलं, परसात नाळ पुरली, तूपगूळ चारला. निघताना खणानारळानं ओटी भरली आणि म्हणाली, "हे घर ह्या पोरीचं माहेर. माझा निंगप्पा तिचा भाऊ." निंगप्पा तेव्हा लाकडी बैल ओढत दारात खेळत होता. पुढं बाप वारला, मेंढरं गेली, सोलापूरची वाट तुटली ती तुटलीच. बजाबाई मात्र मरेपर्यंत लेकीला हे सांगत राहिली.

"त्यो निंगप्पा माजा भाऊ हाय की," मायाक्का म्हणाली. "त्यो हुबा ऱ्हाईल. तुमी घर तेवडं शोदा."

"पत्ता?"

"चौकटीवर दगडाचा हत्ती. योकच."

"अगं, हत्ती दोन असतात. दोन्ही अंगाला."

"आय म्हनायची, योकच. आन् सकाळच्या पारी उनं आली तवा गिरणीच्या चिमणीची सावली दारातनं आत शिरली, पार आयच्या पायापतुर. तान्ह्या लेकरावर काळी सावली नगं म्हनून सिद्धम्मानं दारावर आमचंच घोंगडं टांगलं."

झाला पत्ता! पोस्टमनच्या हातात दिला असता तर त्यानं त्याच दिवशी नोकरी सोडली असती.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी बाहेर पडलो. सोलापुरात चिमण्यांना काही तोटा नाही, पण गड्ड्यापासून कळा सोसत एखादी बाई चालत पोचेल अशी चिमणी एकच. तिथं जाऊन उभ्या राहिलो. ऊन वर आलं तशी सावली रस्त्यावर आडवी पडली, आणि त्या सावलीच्या मागं मागं, चोरामागं पोलीस जातात तशा, आम्ही खालच्या अंगाच्या गल्ल्यांत शिरलो.

हत्ती बघायचा म्हटल्यावर किती हत्ती दिसावेत! चौकटीवर हत्ती, कमानीवर हत्ती, एका देवळीत पंख फुटलेला हत्ती. पण सगळे जोडीनं. मायाक्का मान हलवायची आणि पुढं चालायची. जिथं हत्ती दिसत नव्हता पण दार जुनं होतं, तिथं तिनं नवाच उद्योग काढला. सरळ घरात शिरायची, उंबऱ्याच्या आत दाराकडं पाय पसरून बाळंतिणीसारखी बसायची आणि सावली पायापर्यंत येते का ते बघायची. घरच्यांना विचारणं नाही, सांगणं नाही. मेंढरं कुणाच्याही रानात घालायची सवय, दुसरं काय!

एका वकिलाच्या घरी ती अशीच जाऊन बसली. वकीलीणबाई पूजेतनं उठून आल्या. "अगबाई, काय होतंय ह्यांना?"

माझं डोकं तापलेलं. मी म्हटलं, "काही नाही. बाळंतपणाची जागा बघतोय."

त्या माऊलीनं काय ऐकलं कुणास ठाऊक, आत ओरडली, "अहो, पाणी तापत ठेवा! रिक्षा बोलवा!" आणि मायाक्काच्या पाठीला उशी लावली. तिला सगळं समजावून सांगेपर्यंत माझ्या तोंडाला फेस आला. मायाक्का मात्र उशीला टेकून खुशाल चहा प्यायली आणि निघताना म्हणाली, "बाई लई ग्वाड हाय. पर घर ह्ये न्हवं."

अशा दोन सकाळी गेल्या. खालच्या अंगाची एक गल्ली सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पायातली चप्पल तुटली आणि माझी गावाकडची भाषा सुटली. "आगं भवाने, तुजी आय बाळंतपणात ग्लानीत आसंल! कसला हत्ती आन् कसली सावली! हुबा करा त्या हिंदुरावाला आन् व्हा मोकळ्या!"

मायाक्का घरी आल्यावर मुकाट्यानं पीठ मळायला बसली. तिनं भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात माझे मालक, धुळाप्पा, गिरणीतनं रात्रपाळी करून आले. त्यांच्या गुडघ्यांत वारं शिरलेलं. दाराच्या आतल्या कोपऱ्यात बसले आणि कुरकुरायला लागले, "थंडीत ह्या कोपऱ्यात कसं छान ऊन यायचं. गुडघे शेकायला मिळायचे. आता एवढा उन्हाळा पेटलाय, पण मेलं ऊन दाराकडंसुद्धा वळत नाही."

मायाक्काचा हात पिठातच थांबला. "पावनं, काय म्हनलासा?"

"ऊन गं, ऊन. थंडीत येतं, उन्हाळ्यात येत नाही."

तिनं पिठाचा हात तसाच कपाळावर मारून घेतला. "आगं बया बया बया! वन्सं, माज्याइतकी येडी जगात न्हाय! आवं, मी कवा जल्मले? सक्रातीला! पुसातला सूर्य कुटनं उगवतो आन् वैशाखातला कुटनं! पुसातली सावली एका अंगाला, ही भलत्याच अंगाला! मेंढरांचा वाडा कुटं बशिवायचा, थंडीत कुटं, उन्हाळ्यात कुटं, ह्ये मी नवऱ्याला शिकिवती, आन् हितं येऊन दोन रोज वैशाखाच्या सावलीमागं पळती व्हय!"

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती वेडी, तर मी कोण? मीसुद्धा धनगराचीच लेक ना! पण शहरात इतकी वर्षं राहून माझा सूर्य शाळेच्या घंटेत अडकलाय. मग मात्र माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. थंडीच्या दिवसांत शाळेला जाताना मी चिमणीच्या वरच्या अंगानं जाते. तिथं मागवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाची टपरी आहे. सकाळी गिरणीतली माणसं तिथं उन्हाला बसतात, आणि चिमणीची सावली आली की शिव्या घालत बाकडं उचलून पुढं सरकवतात. संक्रांतीची सावली तिथं पडते!

"ऊठ," मी म्हटलं. "भाकरी राहू दे."

"आन् मी काय खाऊ?" धुळाप्पा म्हणाले.

"ऊन खा," म्हटलं, आणि आम्ही निघालोसुद्धा.

गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. मध्यावर एका ओट्यावर एक म्हातारी खलबत्त्यात पान कुटत बसली होती. चिमाबाई तिचं नाव. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मावशी, हिकडं हत्तीचं घर हाय का? एका हत्तीचं?"

"हत्ती न्हाई बाई," ती ओरडली. "गणपती हाय. त्यो बघ समोरच्या दारावर."

समोरच्या दगडी चौकटीवर डाव्या अंगाला चुन्याचा एक गोळा होता. वर्षानुवर्षं रंगसफेदी करून त्याचा बटाटा झालेला, आणि वर हळदीकुंकू माखलेलं. उजवं अंग रिकामं. मायाक्का ओट्याच्या दगडावर चढली आणि आंधळ्या माणसासारखी बोटांनी चाचपायला लागली. "ही सोंड... ह्यो कान... ह्यो पाय." मग एकदम माझ्याकडं वळली. "वन्सं, ही शेपूट! गणपतीला शेपूट आसती व्हय?"

चिमाबाई पान कुटायचं थांबली. "ह्या बया! माझं आयुष्य गेलं नमस्कार करण्यात." आणि मग ज्या गोष्टीसाठी आम्ही दोन दिवस पाय तोडून घेतले, ती गोष्ट तिनं पान चघळत बसल्या जागी सांगितली.

घर बांधलं निंगप्पाच्या आजोबांनी. पुढच्या सोप्यात त्यांचा तेलाचा घाणा होता, बैल दिवसभर फिरायचा. चौकट कोरायला कुठूनसा एक गवंडी आणला होता. त्याचा एक हत्ती झाला आणि गावात प्लेग आला. लोक घरंदारं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले. साथ ओसरल्यावर सगळे परतले, गवंडी काही आला नाही. लोक म्हणाले, दुसरा गवंडी बोलवा. आजोबा म्हणाले, "नको. तो येईल. त्याचा हत्ती त्यालाच करू दे." वाट बघता बघता म्हातारे गेले. पुढं घाणा बंद पडला. लढाईच्या दिवसांत सोप्यात धान्याचं दुकान होतं, मग काही दिवस बालवाडी भरायची, आणि आता माग.

"आन् सिद्धम्मा?" मायाक्कानं विचारलं.

"ती जाऊन लई वरसं झाली. लई मायेची बाई."

"आन् निंगप्पा?"

चिमाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "तू कोण गं त्याची?"

"भन."

"त्याला भन नव्हती बाई. लगीनपन केलं न्हाई त्यानं. आई गेल्यावर ह्या मागवाल्या अंबय्याच्या बापाला घर इकलं आन् अक्कलकोटकडं मावशीजवळ जाऊन ऱ्हायला. दुष्काळात वारला की. दोन वरसं झाली."

मायाक्का ओट्यावर बसली. पदर तोंडाला लावला नाही, काही नाही, नुसतीच बसली. मग हळू म्हणाली, "वन्सं, मी जल्मभर म्हनत हुते मला भाऊ न्हाय. आन् दोन वरसं आदीपतुर हुता की वो."

माझं तोंड बंद पडलं, हे धुळाप्पांना सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मागांचा खडखडाट चालूच होता.

ते बघून चिमाबाईला राहवेना. तिनं मला खोदून खोदून सगळं विचारलं, बनीचं लग्न काय, हिंदुराव काय, आणि तरातरा समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. मागवाला अंबय्या कानांत कापसाचे बोळे घालून माग चालवत होता. खडखडाटानं त्याचे कान आधीच अर्धे गेलेले. म्हातारीनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला, "अंबय्या! ए अंबय्या! ही बाई पोरीचं लगीन हाय म्हनून मामा न्यायला आलीया! तुज्या घरातला मामाच पायजे म्हनती!"

माग थांबले. अंबय्या "आँ?" म्हणत बाहेर आला. त्याच्या मागनं त्याची बायको राजव्वा आली, हातात सूत विंचरायची फणी. डोळे हे एवढे मोठे!

"मामा न्यायला? कुठं न्यायला?" ती कडाडली. "अय्यो देवा! माणसाला बायको आहे, तीन पोरं आहेत! लाज नाही वाटत?"

मायाक्काला काहीच समजेना. ती आपली हात जोडून म्हणाली, "बाई, रागावू नगा. एका दिसाचंच काम हाय. लगीन लागलं की लगीच माघारी धाडती."

"लगीन लागलं की माघारी!" राजव्वानं फणी उगारली. "अगं, मीच ह्यांची भाची! माझ्या आईचे धाकटे भाऊ हे! एक भाची करून घेतली, ती पुरली नाही काय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलुगू मागवाल्यांत सख्ख्या मामाचा भाचीवर पहिला हक्क. मामा-भाचीचं लग्न म्हणजे घरचंच सोनं घरात. आमच्यात मामा नवरीच्या पाठीमागं उभा राहतो, त्यांच्यात कधीकधी तो समोर उभा राहतो. फरक म्हटलं तर एका अंतरपाटाचा, पण डोक्यात फणी बसायला पुरेसा!

मी मध्ये पडले. राजव्वाचा हात धरला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, बजाबाई, सिद्धम्मा, सावली, हत्ती, नाळ. सांगता सांगता राजव्वाचा हात सैल झाला. आधी फणी खाली आली, मग ती स्वतः खाली बसली आणि हसायला लागली, ती पोट धरून हसायला लागली. चिमाबाई हसली, मी हसले, रडतारडता मायाक्कासुद्धा हसली. अंबय्या एकेकीच्या तोंडाकडं बघत विचारत होता, "काय झालं? कोण मेलं? कुणाचं लग्न?" पण त्याला सांगायला कुणाला श्वास होता!

मग राजव्वा मायाक्काला आत घेऊन गेली. सोपा, माजघर आणि मागं परस. मायाक्का प्रत्येक दाराला हात लावत चालली होती. परसात जाऊन थबकली. "हितंच कुटंतरी माजी नाळ हाय. कुटं आसंल, कोन सांगनार आता?"

"त्यात काय सांगायचं?" राजव्वा म्हणाली. "न्हाणीमागचा हा कोपरा. घरात दुसरी मऊ माती आहेच कुठं? माझ्या तिन्ही पोरांची इथंच पुरलीय."

मायाक्का त्या कोपऱ्यात उकिडवी बसली आणि तिनं मातीवर पालथा हात ठेवला. राजव्वा तिच्याकडं बघत राहिली. मग नवऱ्याकडं वळली, त्याच्या कानातला कापूस ओढून काढला आणि म्हणाली, "अहो, हे घर आपण घेतलं की नाही?"

"घेतलं की. बापानं घेतलं."

"चौकट घेतली, परस घेतलं, शेपटीचा गणपती घेतला. मग ह्या घरातली लेक काय निंगप्पानं गाठोड्यात बांधून अक्कलकोटला नेली? ती पण घराबरोबरच आली ना आपल्याकडं?"

अंबय्यानं थोडा विचार केला. तसा शांत माणूस. म्हणाला, "म्हणजे ही माझी बहीण?"

"मग काय तर!"

"मग एवढा वेळ उभी का ठेवलीस तिला? चहा ठेव." आणि मायाक्काकडं वळून, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून जगालाच ऐकू येत नाही अशा आवाजात विचारलं, "अक्का, लग्न कधी आहे? भाचीची चादर विणायला माग मोकळा करायला पाहिजे!"

राजव्वानं तिथंच, परसाच्या दारात, मायाक्काची ओटी भरली. आणि लांडग्याला न भिणारी माझी भावजय तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. त्यात लपवायचं काय?

लग्नाच्या दिवशी सोलापूरचा टेम्पो वाडीवर आला, तो गच्च भरून. अंबय्या, राजव्वा, तीन पोरं, गल्लीतली चार बिऱ्हाडं, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी खलबत्ता मांडीवर घेऊन चिमाबाई. मांडवात अंतरपाट धरलेला, आणि बनीच्या पाठीशी गुलाबी फेटा घालून हिंदुराव पाय रोवून उभा. त्याला वाटलं, ऐन वेळी कोण काय बोलणार!

मी पुढं झाले. "हिंदुराव, सरका. मामा आलाय."

"कोन मामा? ह्यो मागवाला? ह्यो कवापास्नं मामा झाला?"

"तू न्हाईस तवापास्नं," मी म्हटलं.

हिंदुराव काहीतरी बोलायला गेला, पण अंबय्याला कुठं ऐकू येतंय! त्याला वाटलं, हा भला माणूस आपल्यासाठी जागा धरून उभा होता. त्यानं हिंदुरावाला कडकडून मिठी मारली, पाठ थोपटली, "फार उपकार झाले, फार उपकार," असं म्हणत त्याला अलगद बाजूला केलं आणि बनीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. हिंदुराव फेट्यासकट मांडवाच्या खांबाला टेकला. अक्षता कधी टाकायच्या ते अंबय्याला समजेना, तर राजव्वा मागनं त्याला कोपरानं ढोसत होती. माहेरचा आहेर म्हणून मायाक्काला त्यांनी हिरवं लुगडं नेसवलं. बिनमाहेराची म्हणणाऱ्या तिच्या जावा त्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून बघत होत्या. मी म्हटलं, "बघा, बघा. नीट बघा. सोलापूरचा हाय."

संध्याकाळी बनी सासरी निघाली. तिची गाडी ओढ्यापलीकडं दिसेनाशी झाली आणि मायाक्का मांडवात एकटीच बसली. लेक गेलेलं घर कसं होतं ते मी काय सांगू? येडू तिच्या आजूबाजूला घुटमळत होता.

इकडं टेम्पो सुरू झाला. राजव्वा तरातरा घरात गेली, मायाक्काचं गाठोडं बांधून बाहेर आली आणि ते तिनं टेम्पोत फेकलं. "चला वदिना," ती म्हणाली; नणंदेला ते असंच म्हणतात. "भाची सासरी गेली, तुम्ही इथं एकट्या बसून काय करता? माहेरी चला."

मायाक्कानं वर बघितलं. क्षणभर तिला ते समजलंच नाही. मग ती उठली. हिरव्या लुगड्याचा काष्टा सावरला आणि नव्या नवरीसारखी टेम्पोत चढून बसली.

येडू धावत आला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याची बायको त्याला टाकून कधी माहेरी गेली नव्हती. तो टेम्पोला धरून म्हणाला, "आगं, आगं, आन् परत कवा येनार तू?"

मायाक्का डोळे पुसत हसली. "ते मला काय इचारता? माज्या भावाला इचारा. न्यायला या, त्यानं धाडली तर यीन. आन् रिकाम्या हातानं येऊ नगासा. माज्या म्हायेरची मानसं मानाची हायती."